झारीची चौदा पाने

मंगळवार, अकरा फेब्रुवारी. सकाळचे पावणेआठ. तिसाकेर्त गावच्या बालवाडीतून दोघींनी मला उचलून बाहेर काढले आणि अंगणापलीकडच्या सरपणाच्या खोलीत, ओंडक्यांच्या राशीशेजारी नेऊन ठेवले. एक होत्या बालवाडीच्या प्रमुख, हायनाल्काबाई. दुसऱ्या एतेल्कामावशी, त्या मुलांची तोंडे धुतात, सूप वाढतात आणि दुपारी अंथरुणे घालतात. दाराच्या चौकटीला माझी कड लागली.

"सांभाळून, म्हातारी आहे," मावशी म्हणाल्या.

"म्हातारी आहे म्हणूनच हलवतोय," हायनाल्काबाई म्हणाल्या.

मित्रांनो, ती म्हातारी मी. मी कणीक मळायची एक जुनी लाकडी काथवट आहे. साडेचार फूट लांब, दोन फूट रुंद, मध्ये खोल आणि धरायला दोन्ही टोकांना कान. पोटावर एक पत्र्याची पट्टी ठोकलेली आहे. माझे वय सहासष्ट. आता मी दमले आहे, त्यामुळे गोष्ट रंगवून सांगणे जमणार नाही. जे पाहिले आणि ऐकले ते क्रमाने सांगते. जे दुसऱ्याच्या तोंडून कळले, ते तसे म्हणून सांगेन.

मी तिसा नदीच्या काठच्या एका पॉप्लरच्या झाडात होते. १९५८ च्या हिवाळ्यात ते झाड पडले. काथवटी कोरणारा कालान्योश व्हेन्देल त्या वर्षी बायकोमुलांसह नदीकाठी पाल ठोकून राहिला होता. त्याने ओल्या लाकडावर वाकस, म्हणजे लाकूड तासायचे हत्यार, चालवली. पॉप्लर ओले असतानाच कोरावे लागते. वाळले की फुटते. व्हेन्देल काम करताना बोलत नसे. अधूनमधून थांबून तो माझ्या तळाला आतून आणि बाहेरून दोन बोटे लावी आणि जाडी अजमावी. त्या दोन बोटांच्या मापावर मी इतकी वर्षे टिकले.

त्यानंतर मी स्यूच यांच्या घरी गेले. दर शनिवारी माझ्यात आठवड्याच्या पावाची कणीक मळली जाई. त्यावर पांढरे फडके घालून मला चुलीजवळ ठेवत. डिसेंबरात डुकराचे मांस माझ्यात खारवत. मूल झाले की दोन महिने त्याची अंघोळ माझ्यात होई. कोणी माझे कौतुक केले नाही. कामाच्या वस्तूचे कौतुक होत नाही, ती फक्त जागेवर असावी लागते. पुढे गावात पावाचे दुकान निघाले आणि मला माळ्यावर टाकले. माळ्यावर मी किती वर्षे होते, ते नीट सांगता येत नाही. गांधीलमाशांनी माझ्यात तीनदा घर केले.

१९८० साली त्या घरची सून रोझी बालवाडीत मावशी म्हणून लागली. मुलांची लाळेरी भिजवायला मोठे भांडे हवे, म्हणून तिने मला हातगाडीवर घालून नेले. लाळेरी माझ्यात एकदाही भिजली नाहीत. रोझीमावशी पाण्याची बादली आणायला गेली आणि परत आली, तेवढ्यात माझ्यात पाच मुले बसली होती. ती कुठे निघाली आहेत, असे तिने विचारले. एकाने सांगितले, समुद्रावर. रोझीमावशीने बादली खाली ठेवली आणि लाळेरी न्हाणीत नेऊन धुतली.

अशी माझी दुसरी नोकरी सुरू झाली.

चौदा वर्षांनी पिरोश्काबाई शिक्षिका म्हणून आल्या. तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या आणि शहरातून शिकून आल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी रोझीमावशीला विचारले, "हे काय आहे?"

"आज जहाज आहे. काल पाळणा होता. उद्याचं त्यांनाच विचारा, बाई."

पिरोश्काबाई हसल्या नाहीत. त्यांनी वही काढली आणि काहीतरी टिपले. गेली एकतीस वर्षे त्या तशाच टिपत आहेत. सकाळी नऊ ते साडेदहा मुलांना मोकळे सोडलेले असते. त्या वेळात बाई भिंतीलगतच्या बुटक्या स्टुलावर बसतात, सांगत काही नाहीत, फक्त पाहतात. कोण कोणाशी भांडले, कोणी युक्ती काढली, कोण रडायचे सोडून परत खेळायला गेले, एवढेच लिहितात. मुलाचे नाव मात्र त्या लिहीत नाहीत. त्याचे चिन्ह काढतात.

चिन्हाबद्दल सांगायला हवे, कारण पुढचा सगळा घोटाळा त्याचाच आहे. आमच्या बालवाडीत मूल पहिल्या दिवशी आले की त्याला एक चिन्ह मिळते. त्याला अक्षरे येत नाहीत, म्हणून खुंटीवर, टॉवेलवर, पेल्यावर आणि अंथरुणावर हेच चिन्ह असते. कोणाला सफरचंद, कोणाला किल्ली, कोणाला गोगलगाय. एका वेळी दोन मुलांना एकच चिन्ह कधी देत नाहीत. तीन-चार वर्षे मूल त्या चिन्हाने ओळखले जाते. या गावातली पन्नाशीची माणसेही चौकात भेटली की एकमेकांची चिन्हे काढून चेष्टा करतात. सरपंचांचे चिन्ह बदकाचे पिल्लू होते. हे ते कोणाला विसरू देत नाहीत, की लोक त्यांना, हे मला माहीत नाही.

जूनमध्ये शाळेला निघालेले प्रत्येक मूल आपले चिन्ह माझ्या बाहेरच्या अंगावर रंगवते. ही चाल रोझीमावशीने पाडली. आज माझ्या अंगावर चारशे सतरा चिन्हे आहेत. डाव्या कानाखाली थोडी जागा उरली आहे.

इतक्या वर्षांत मी काय काय झाले, त्याची यादी करत बसत नाही. एकच सांगते. ज्या वसंतात तिसेला पूर आला आणि गावाने तीन आठवडे वाळूची पोती रचली, त्यानंतर मुले परत आली ती पोतीच खेळू लागली. बालवाडीतल्या सगळ्या उशा माझ्या कडेने रचायच्या, पाणी आले म्हणायचे, उशा काढायच्या, पुन्हा रचायच्या. महिनाभर दुसरा खेळ नव्हता. एका मुलाची आई न्यायला आली ती दारातच थबकली.

"बाई, पुरे करा ना हे आता. आम्ही घरी तो विषयसुद्धा काढत नाही."

"त्यांचं अजून झालेलं नाही," पिरोश्काबाई म्हणाल्या.

पाचव्या आठवड्यात एके सकाळी मुलांनी उशा जागेवर नेऊन ठेवल्या आणि माझ्यात दुकान मांडले. बाईंनी त्या दिवशी वहीत एकच ओळ लिहिली आणि लिहिताना मोठ्याने उच्चारली: "आज पाणी ओसरलं."

मग एक निळी प्लास्टिकची होडी आली. तिला सुकाणू होते, फिरणारे चाक होते आणि तळाला तपासणीचा शिक्का होता. मला कोपऱ्यात सरकवले. मला वाईट वाटले, हे कबूल करते. पण ती होडी होडीच होती. तिच्यात बसले की दुसरे काही होता येत नसे. दोन महिन्यांनी मुलांनी तिला उलटी घातली आणि तिचे कोंबड्यांचे खुराडे केले, तेव्हा कुठे तिला जरा बरे दिवस आले. मी परत मधे आले.

रोझीमावशी दहा वर्षांपूर्वी गेली. त्याच वर्षी माझ्या तळाला भेग पडली आणि सुताराने ही पत्र्याची पट्टी ठोकली. पिरोश्काबाईंचे गुडघे आता दुखतात. बुटक्या स्टुलावरून उठताना त्या माझी कड धरतात. आम्ही दोघी एकमेकींच्या आधाराने उठतो, असे मी म्हणू शकले असते. पण मी उठत नाही.

आता दोर्काकडे येते. बाकोश दोर्का, वय साडेपाच, चिन्ह झारी. बाप तिबोर ट्रक चालवतो. आई एडिना ऑस्ट्रियात म्हाताऱ्या माणसांची सेवा करते. दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. दोर्का चार वर्षांची असताना माझ्यात पहिल्यांदा बसली आणि मला तराफा केले. गावाच्या खाली तिसेवर गाड्या आणि माणसे पलीकडे नेणारा खरा तराफा आहे, तसा. तेव्हापासून दीड वर्ष मी तराफाच आहे. मालकीण तीच.

तिच्या तराफ्याचे नियम आहेत. एका वेळी चार जण. तिकीट म्हणजे अक्रोडाचे पान. आणि पलीकडून तराफा रिकामा आणायचा नाही. कोणाला तरी घेऊनच यायचे. हा नियम ती कोणासाठी मोडत नाही. एकदा पलीकडे कोणीच नव्हते, तेव्हा तिने जेवणाची वेळ होईपर्यंत तराफा हलवला नव्हता.

हीच दोर्का टेबलापाशी दुसरीच असते. पेन्सिल मुठीत धरते, दोन रेघा ओढते आणि टेबलाखाली उतरते. तिला खुर्चीवर बसवले की ती आधी गप्प होते, मग रडते.

नियम असा आहे, मित्रांनो: जे मूल ऑगस्टअखेर सहा वर्षांचे होते, त्याने सप्टेंबरात शाळेत जायचे. दोर्काचा वाढदिवस सत्तावीस ऑगस्टला असतो. चार दिवसांचा फरक. बालवाडीत आणखी एक वर्ष हवे असेल, तर आईबापांनी अठरा जानेवारीच्या आत जिल्ह्याच्या कार्यालयात अर्ज करायचा. कार्यालय हो म्हणेल किंवा नाही म्हणेल.

नऊ जानेवारीला दुपारी चार वाजता तिबोर मुलीला न्यायला आला. बाईंनी त्याला थांबवून घेतले. तो मुलांच्या खुर्चीवर बसायला गेला आणि परत उभा राहिला.

"बाई, माझी पोर मठ्ठ आहे का, ते सरळ सांगा."

"नाही."

"मग शेजारच्या फार्कशांचा पोरगा जातो, ही का नाही? लोक म्हणतील, बाकोशची मुलगी बालवाडीत नापास झाली. बालवाडीत कुणी नापास होतं का?"

"उभा का? बस तिच्यावर."

"या काथवटीवर?"

"लहानपणी उतरत नव्हतास."

तो माझ्या कडेवर बसला. मी करकरले. त्याने खाली वाकून माझ्या अंगावर काहीतरी शोधले आणि त्याला ते सापडले. हातोडा, १९९६.

"यात बसून काय शिकलो मी? ट्रक चालवतो."

"यात बसून तू ट्रकच चालवायचास."

तिबोर हसला, पण वर न बघता. अंगठ्याने तो हातोड्याचा उडालेला रंग चोळत राहिला. मग म्हणाला, "पहिलीत दोनदा बसलो मी, बाई. माझाही वाढदिवस ऑगस्टातच. दुसऱ्या वर्षी सगळे पुढे गेलेले आणि मी त्यांच्या धाकट्या भावांबरोबर."

"माहीत आहे मला."

"तुम्ही तेव्हा इथंच होतात."

"होते. तुला अजून एक वर्ष हवं होतं, हे मला दिसत होतं. मी नवीन होते. गप्प राहिले." बाईंनी चष्मा काढून पुसला. "या वेळी गप्प राहणार नाही. पण अर्ज तुला करावा लागेल. मला करता येत नाही."

तोपर्यंत दोर्का कोट, टोपी आणि हातमोजे घालून आली होती. "बाबा, तुम्ही तराफ्यावर बसलाय," ती म्हणाली. "तिकीट कुठंय?"

सतरा जानेवारी, शुक्रवार, ही प्रत्यक्षात शेवटची तारीख होती, कारण अठरा तारखेला शनिवार होता. तिबोर दोन दिवस ट्रक घेऊन बाहेर होता. तो दुपारी पावणेतीनला आला. अर्ज संगणकावरून पाठवायचा होता आणि बालवाडीतला संगणक त्या दिवशी तीनदा बंद पडला. अर्जाला बालवाडीची निरीक्षणे जोडायची होती. पिरोश्काबाईंनी वहीतली चौदा पाने निवडली. दीड वर्षातली चौदा. हायनाल्काबाईंनी ती एकेक करून यंत्रात घातली. तीन वाजून पन्नास मिनिटांनी अर्ज गेला. एतेल्कामावशींनी जर्दाळूचा मुरांबा घातलेले, कार्निव्हलच्या दिवसांत करतात ते गोड वडे काढले.

उत्तर सत्तावीस जानेवारीला आले. हायनाल्काबाईंनी ते मोठ्या खोलीत, माझ्यापासून दोन हातांवर उभे राहून वाचले. जोडलेल्या चौदा पानांवर अर्जातील बालकाचे नाव कुठेही नाही. पानांवर एका भांड्याचे चित्र आहे. ही निरीक्षणे सदर बालकाचीच आहेत असे मानता येत नाही. सबब तज्ज्ञ स्वतः अकरा फेब्रुवारीला सकाळी नऊ वाजता बालकाला भेटतील.

"भांडं," एतेल्कामावशी म्हणाल्या. "झारी आहे ती. तोटी दिसत नाही का त्यांना?"

कोणी हसले नाही. एकतीस वर्षे चिन्हाने लिहिणाऱ्या बाईंना नाव घालायचे सुचले नव्हते. पाने यंत्रात घालणाऱ्या हायनाल्काबाईंनाही नाही. त्याही याच बालवाडीत वाढल्या, त्यांचे चिन्ह चेरी. जवळ उभ्या असलेल्या तिबोरलाही नाही. झारी म्हणजे दोर्का, हे तिथल्या प्रत्येकाला इतके माहीत होते की ते कुठे लिहिलेले नाही, हे कोणाच्या लक्षातच आले नाही.

बाईंनी वही मिटली. "माझी चूक," त्या म्हणाल्या. "आता ती कुणा परक्या माणसासमोर बसणार."

हायनाल्काबाईंची भीती वेगळी होती. तज्ज्ञ येणार म्हणजे खोली बघणार. मागच्या शरद ऋतूत एक परिपत्रक आले होते: तपासणीचा शिक्का नसलेली कोणतीही वस्तू मुलांच्या खेळण्यात नसावी. निळ्या होडीवर शिक्का आहे. माझ्यावर चारशे सतरा चिन्हे आहेत, पण शिक्का नाही. आणि पोटावर पत्रा आहे. म्हणून त्या मंगळवारी पावणेआठला, मुले यायच्या आधी, मला उचलले. पिरोश्काबाई आठला आल्या. तोवर झाले होते.

तज्ज्ञ वेर्तेशीबाई नऊ वीसला पोहोचल्या. बस उशिरा आली. पुढचा पाऊण तास मी पाहिलेला नाही. एतेल्कामावशींनी नंतर सरपण न्यायला आल्यावर स्वतःशी बोलत सांगितला, त्यावरून सांगते. छोट्या खोलीत टेबल, कागद आणि रंगीत पेन्सिली होत्या. दोर्काला पाच सफरचंदे रंगवायला सांगितली. तिने एक रंगवले. मग विचारले, तराफा कुठे गेला. आज तराफा नाही, असे कळल्यावर तिने पेन्सिल नीट ठेवली आणि टेबलाखाली जाऊन बसली. वेर्तेशीबाईंनी तिला गोडीने दोनदा बोलावले. ती आली नाही. दहा वाजता फाईल बंद झाली.

त्यानंतरचे मी स्वतः पाहिले आहे.

सव्वादहाला मुले कोट घालून अंगणात आली. थंडी होती, जमीन कडक झाली होती. सरपणाच्या खोलीच्या फळ्यांमध्ये फटी आहेत. एका फटीला डोळा लागला आणि मी तो ओळखला.

"इथंय," दोर्का म्हणाली. ओरडली नाही. नुसती कडी काढली.

पाच मिनिटांत अकरा प्रवासी ओंडक्यांवर रांगेत बसले होते. दोर्का माझ्या टोकाला उभी होती, हातात झाडूचा दांडा.

"तिकीट."

"हे घे."

"हे ओलं आहे. ओलं तिकीट पलीकडच्या काठाला चालत नाही. वाळव आणि ये."

"मी घोडा आहे," जोंबोर नावाचा मुलगा म्हणाला.

"कालपासून की आत्तापासून?"

"आत्तापासून."

"मग दोन जागांची तिकिटं आण. घोडा दोन जागा घेतो."

दारात सावली पडली. वेर्तेशीबाई उभ्या होत्या, हातात चहाचा पेला. त्यांच्या मागे पिरोश्काबाई. दोर्काने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिले.

"तुम्ही येणार की नुसतं बघणार? बघणाऱ्यांना तिकीट लागत नाही, पण गप्प राहावं लागतं."

"येते," वेर्तेशीबाई म्हणाल्या आणि ओंडक्यावर बसल्या. जोंबोरने त्यांना आपल्या दोन पानांतले एक दिले आणि दुसरे आणायला धावला. "आता किती जण झालो आपण?"

"घोडा धरून की सोडून?"

"धरून."

"बारा."

"मग सगळ्यांना पलीकडे न्यायला किती फेऱ्या लागतील?"

दोर्काने दांडा जमिनीवर टेकवला. ओंडक्यांवरची डोकी पाहिली. ओठ हलले. "तीन," ती म्हणाली. मग जोंबोर पाने घेऊन आत आला आणि तिने त्याच्याकडे नाराजीने पाहिले. "नाही. चार. घोड्यामुळे एक माणूस उरतो."

"आणि दर वेळी रिकामीच परत येणार?"

"रिकामं येत नाही," दोर्का म्हणाली. "पलीकडून कुणालातरी आणायचंच असतं."

वेर्तेशीबाई तिसऱ्या फेरीला माझ्यात बसल्या. मोठे माणूस मला आता झेपत नाही. पट्टीजवळची भेग थोडी बोलली. त्यांनी ते ऐकले असावे, कारण त्या हळूच सरकून कडेला झाल्या. पलीकडे, म्हणजे भिंतीपाशी, त्या उतरल्या आणि दाराकडे आल्या. पुढचे बोलणे दाराशीच झाले.

"बाई, ही मुलगी फेऱ्या मोजते. घोड्याच्या दोन जागा धरून."

"हो."

"मग एक वर्ष कशासाठी मागताय?"

त्या क्षणी मला जे उमगले ते चांगले नव्हते. दोर्का माझ्यात जितकी शहाणी दिसली, तितकी ती शाळेला तयार दिसली. मला वाटले होते, मी सापडले ते बरे झाले.

"टेबलापाशी काय झालं ते तुम्ही पाहिलंत," बाई म्हणाल्या.

"पाहिलं. मला दोन्ही लिहावं लागेल. पण फॉर्मवर शेवटी चौकट एकच आहे. तयार किंवा तयार नाही."

"तिला जे जमतं ते अजून खेळातच जमतं. बाहेर काढता येत नाही तिला ते. हळूहळू येतंय. पहिल्या वर्षी ती तिकिटंसुद्धा मागत नव्हती, फक्त तराफा धरून बसायची. ज्या दिवशी ती हे टेबलापाशी करील, त्या दिवशी मी स्वतः तिला शाळेच्या दारात सोडीन. आत्ता ओढून नेलं तर टेबल येणार नाहीच, पण हेही जाईल. एकाचं गेलेलं मी पाहिलंय."

"हे वहीत आहे?"

"आहे. चौदा पानं."

"भांड्याची."

"झारी आहे ती."

वेर्तेशीबाईंनी चहा संपवला. त्याही थकलेल्या दिसत होत्या. त्या महिन्यातले ते त्यांचे सहावे गाव होते, असे त्या मावशींना म्हणाल्या होत्या. "माझं चिन्ह किल्ली होतं," त्या म्हणाल्या. "पण फॉर्मवर त्यासाठी रकाना नाही." मग त्यांनी वही मागितली आणि तिथेच दाराला टेकून, थंडीत, सगळी चौदा पाने वाचली. नंतर फाईलमध्ये बराच वेळ लिहीत राहिल्या. काय लिहिले, ते मला दिसले नाही. पिरोश्काबाईंनी पाहण्याचा प्रयत्न केला नाही.

तेवढ्यात हायनाल्काबाई कोट न घालताच धावत आल्या. ही वस्तू इथे फक्त ठेवायला आणली आहे, असे सांगू लागल्या.

"शिक्के तपासणं माझं काम नाही," वेर्तेशीबाई म्हणाल्या. "निकाल पन्नास दिवसांत येईल." बारा दहाची बस होती. त्या गेल्या.

शिक्क्याचे काम ज्यांचे आहे ते अजून आलेले नाहीत. म्हणून मी अजून इथेच आहे. हायनाल्काबाई मला आत घेऊ देत नाहीत आणि मुलांना इथे येण्यापासून अडवतही नाहीत. सव्वादहाला कडी निघते. अकराला बंद होते. ओलीमुळे माझे लाकूड फुगले आहे, आणि वसंतात ते वाळले की भेग वाढेल. हे मला व्हेन्देलच्या वाकसेपासून माहीत आहे.

त्या दिवशी चारला तिबोर आला होता. दोर्काने त्याला हाताला धरून इथे आणले. तो हातोड्याजवळ उकिडवा बसला.

"बाई, ती हुशार निघाली म्हणून पाठवणार का तिला?"

"माहीत नाही."

"म्हणजे मठ्ठ निघाली असती तर बरं झालं असतं."

ओंडक्यावर बसलेल्या बाईंनी माझी कड धरली आणि त्या उभ्या राहिल्या.

मित्रांनो, माझ्यासाठी मी काही मागत नाही. माझे काम बरेच झाले आहे. तुमच्या घरी एखादी जुनी, बिनशिक्क्याची वस्तू असेल, तर तिला ओलीत टाकू नका, एवढे जमले तर पाहा. आणि एखादे मूल खेळत असेल, तर "आता पुरे, अभ्यासाला बस" म्हणण्याआधी थोडा वेळ दाराशी उभे राहा. बघणाऱ्याला तिकीट लागत नाही. गप्प मात्र राहावे लागते.

परवा, सोमवारी, पिरोश्काबाई पेन्सिल घेऊन आल्या. दर वर्षी मार्चात त्या शाळेला निघणाऱ्या मुलांसाठी माझ्या अंगावर वर्तुळे आखून ठेवतात, म्हणजे जूनमध्ये चिन्हे एकमेकांवर चढत नाहीत. डाव्या कानाखाली त्यांनी अकरा वर्तुळे आखली. बाराव्याची, झारीची, जागा त्यांनी अंगठ्याने मोजली आणि त्या थांबल्या. तेवढ्यात मावशींनी हाक मारली.

आज बुधवार, पाच मार्च. टपाल दहा चाळीसला आले. पाच पाकिटे होती, त्यांत कार्यालयाचे नव्हते. वर्तुळे अकराच आहेत. पेन्सिल माझ्या तळाशी, पट्टीजवळ पडलेली आहे.